परसबाग : फुलझाड ओळखावें पानावरून

नवरात्र सरलें कीं करूळच्या घाटांतून रोपांच्या गाड्या खालीं उतरूं लागतात. पावसाचा जोर ओसरलेला असतो, जांभ्याच्या मातींत अजून ओल असते, आणि घाटमाथ्यावरील रोपवाटिकांतून आलेलीं तीं फुललेलीं रोपें वैभववाडीच्या बाजारांत ओळीनें मांडलीं, म्हणजे भाजी आणावयास गेलेल्या मनुष्याचाही हात खिशाकडे जातो. विकणारा सांगेल तें नांव आणि त्या क्षणीं झाडावर असेल तें फूल, एवढ्याच ओळखीवर आपण तें रोप घरीं आणतों. फूल चार दिवसांत गळतें. नांव तर पुष्कळदां घाट उतरतांनाच बदललेलें असतें. मागें उरतें तें झाड. आणि तें नेमकें कोण, हें घरांतील सात-आठ माणसांपैकीं एकालाही सांगतां येत नाहीं.

या सदरांत आजवर खतें, आळीं, कुंड्या यांविषयीं पुष्कळ लिहून झालें. या खेपेस ओळखीविषयीं लिहावयाचें आहे. आणि माझा आग्रह एवढाच, कीं फुलझाड ओळखावें तें पानावरून. फूल वर्षांतून कांहीं दिवस, पान बहुधा बारमास. पान जोडीनें येतें कीं एकेकटें, तोडल्यास चीक येतो कीं नाहीं, चुरगळल्यास वास कसला, हें एकदां पाहून ठेवलें कीं नांवांच्या गोंधळांतून वाट सांपडते. हा केवळ हौसेचा प्रश्न नाहीं. याच ओळखीच्या अभावीं घरांतला जपलेला गुलाब डोळ्यांदेखत नाहींसा होतो, आणि याच अभावीं अंगणांत खेळणाऱ्या मुलाच्या हातीं विषारी फळ पडतें.

आधीं गुलाबाची गोष्ट. वैभववाडी तालुक्यांतील एका सूनबाईंचें पत्र या महिन्यांत आलें. त्यांच्या अंगणांत तुळशीवृंदावनाच्या उजव्या हातास एक गुलाब आहे. तो त्यांच्या मामंजींनीं कोल्हापुराहून आणून लावलेला. मामंजी आतां नाहींत. काळसर तांबड्या, मखमली पाकळ्यांचें तें फूल सासूबाई देवाला वाहत. गेलीं दोन वर्षें झाड जोमानें वाढलें, पुरुषभर उंचीच्या लांब फांद्या आल्या, पण फूल नाहीं. आणि यंदा आलीं तीं लहान, फिकट गुलाबी, विरळ पाकळ्यांचीं पांच-सहा फुलें. घरांत दोन मतें पडलीं आहेत. थोरले भावोजी म्हणतात, अंगणांत नवी माती टाकल्यामुळें गुलाबाचा रंग उतरला. सासूबाई म्हणतात, ज्यांनीं लावला ते गेले, म्हणून गुलाबही गेला. सूनबाईंनीं विचारलें आहे, कीं झाड उपटून नवें लावावें काय, आणि लावायचें तर तें सासूबाईंना सांगावें कसें.

दोहोंपैकीं सासूबाईंचें म्हणणें सत्याच्या अधिक जवळ आहे. मातीनें गुलाबाची जात बदलत नाहीं. बाजारांतून येणारा बहुतेक गुलाब म्हणजे दोन झाडांचा एक देह असतो. खालीं एखाद्या चिवट, रानवट जातीचा खुंट, आणि त्या खुंटावर भरलेला आपल्याला हव्या त्या जातीचा डोळा. दोहोंच्या जोडाच्या जागीं, जमिनीलगत, गांठीसारखा फुगीर सांधा दिसतो. सांध्याच्या वरून फुटतें तें आपलें झाड. सांध्याखालून फुटतो तो खुंटाचा फुटवा. खुंट जातीनेंच जोमदार, म्हणून तर तो निवडलेला असतो. दोन-तीन पावसाळे त्या फुटव्याकडे कोणी पाहिलें नाहीं, कीं अन्नपाणी तोच ओढून घेतो आणि वरचा डोळा उपाशी मरतो. झाड हिरवेंगार दिसतें, पण तें दुसरेंच झाड असतें.

हा फुटवा पहिल्याच वर्षीं ओळखतां येतो, तो पानावरून. गुलाबाचें एक पान म्हणजे एका देठावर जोडीजोडीनें बसलेलीं लहान पानें आणि टोंकाला एक. मोठ्या फुलांच्या कलमी गुलाबास हीं बहुधा पांच असतात. खुंटाच्या फुटव्यास बहुधा सात, कधीं नऊ, आणि तीं आकारानें बारीक, रंगानें फिकट. मात्र ही मोजणी एकटी पुरावा मानूं नये, कारण कलमी गुलाबही जोमांत आला कीं अधूनमधून सात पानें देतो. म्हणून पालवीही पाहावी. गडद तांबड्या फुलांच्या गुलाबाची कोंवळी पालवी बहुधा तांबूस असते, फुटव्याची पुष्कळदां पोपटी. कांट्यांचा आकार आणि दाटीही निराळी दिसते. आणि शंका उरलीच तर बोटानें माती बाजूला सारून फांदी कोठून निघाली आहे तें पाहावें. तो निवाडा अखेरचा.

सूनबाईंनीं आतां पुढीलप्रमाणें करावें. झाड उपटूं नये. बुंध्याजवळची माती हलक्या हातानें उकरून सांधा शोधावा. सांध्याच्या वरच्या बाजूस एखादी बारीक, मरतुकडी काडी उरली असेल तर तिची साल नखानें किंचित खरवडावी. आंत हिरवें दिसलें तर मामंजींचा गुलाब अद्याप जिवंत आहे. मग सांध्याखालचे फुटवे एक सोडून सर्व काढावे. कात्रीनें वरच्यावर कापूं नयेत, कारण राहिलेल्या बुडख्यांतून पुन्हां चार फुटतात. निघाला असेल त्या जागेपर्यंत माती सारून खालच्या बाजूस ओढून उपटावे. काढलेल्यांपैकीं पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांचे वीतभर तुकडे करून ते कुंडींत लावून ठेवावे. जुन्या काडीला शेणखत आणि ऊन मिळालें कीं ती भरूं लागेल. मार्गशीर्ष-पौषांतील थंडींत, लावलेल्या काड्या मुळें धरून जोम दाखवूं लागल्या, कीं जुन्या काडीवरचा एक पुष्ट डोळा ढालीच्या आकारांत उचलून त्यांतील एखाद्या काडीच्या सालींत इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देऊन बसवावा आणि पट्टीनें बांधावा. ज्या खुंटानें गुलाब मारला तोच असा त्याला पुन्हां वाढवील. एकच डोळा भरून थांबूं नये. तीन-चार भरावे, कारण पहिल्याच प्रयत्नांत सगळे लागत नाहींत. जवळपास आंब्याचीं कलमें बांधणारा कोणी माहितगार असेल तर त्याच्या हातून करवून घ्यावें. सालीचें काम त्याच्या बोटांत असतें.

राखलेला एक फुटवा हा जुन्या काडीला पुरेसा डोळा येईपर्यंत मुळांना पोसण्यापुरता आहे. काम झालें कीं तोही काढावा. आणि खरवडल्यावर आंत तपकिरी, कोरडें निघालें, तर मात्र सासूबाईंना सरळ सांगावें कीं तो गुलाब गेला. उभें आहे तें त्याला इतकीं वर्षें खांद्यावर घेऊन राहिलेलें झाड आहे. फिकट फुलांसाठीं तें ठेवावें कीं नाहीं, हा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. माझा अनुभव असा कीं वडील माणसांना झाड गेल्याचें दुःख असतें, त्याहून अधिक दुःख तें न सांगतां उपटून टाकल्याचें होतें.

मुळांत आपल्याकडे कलमाचा एवढा खटाटोप लागतो, कारण गुलाब हा कोंकणचा नव्हेच. सह्याद्रीच्या आपल्या भागांत रानगुलाब नाहीं. पांढऱ्या फुलांचा एक वेलगुलाब आहे तो दूर दक्षिणेस निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत. बागेंतील आजचा गुलाब निरनिराळ्या देशांच्या रक्ताचा आहे. युरोपांतील जुने गुलाब बहुतेक वर्षांतून एकदांच फुलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधील बारमाही फुलणारे गुलाब तिकडे गेले, आणि ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें कलकत्त्यावरून जात असल्यामुळें ते युरोपांत 'बंगाल गुलाब' या नांवानें प्रसिद्ध झाले. चिनी फुलाला बंगालचें नांव! नांवांवर भरंवसा ठेवूं नये तो असा. या दोन घराण्यांच्या संकरांतून, फ्रान्समध्यें १८६७ सालीं 'ला फ्रान्स' हा गुलाब निघाला. हायब्रिड टी म्हणून आपण ज्याला ओळखतों त्या कुळाचा तो पहिला मानला जातो. त्याच कुळांतील 'पीस' हा पिवळा, गुलाबी कडांचा गुलाब फ्रान्सिस मेयां यांनीं महायुद्धाच्या तोंडावर तयार केला. त्याच्या काड्या युद्ध भडकण्यापूर्वी देशाबाहेर पोंचल्या होत्या, आणि अमेरिकेंत २९ एप्रिल १९४५ रोजीं त्याला शांततेचें हें नांव देण्यांत आलें. फ्रान्समध्यें मात्र तो मेयां यांच्या मातोश्रींच्या नांवानें ओळखला जातो.

आपल्याकडे गुलाबाचें मोठें काम केलें तें डॉ. बी. पी. पाल यांनीं. गव्हाच्या जाती सुधारणारा हा शास्त्रज्ञ, भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचा पहिला महासंचालक. आणि फावल्या वेळांत त्यानें गुलाबाच्या कितीतरी नव्या जाती काढल्या. होमी भाभांच्या नांवाचा पांढरा गुलाब त्यांचाच. परंतु दिल्लीच्या कोरड्या थंडींत जो गुलाब थाळीएवढा फुलतो, तो आमच्याकडे आषाढांत उघडा राहिला तर श्रावणापर्यंत त्याच्या अंगावर पान उरत नाहीं. सिंधुदुर्गांत वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पानें दिवसचे दिवस ओलीं राहतात, त्यांवर काळे ठिपके येतात, पान पिवळें होऊन गळतें. ही बुरशी आहे. पावसाळ्यांत कुंड्या पागोळ्यांपासून दूर पण पडवीच्या उजेडांत घ्याव्या, गळलेलीं ठिपक्यांचीं पानें वेंचून जाळावीं, आळें उंचवट्यावर करावें आणि छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावरच, दसरा-दिवाळीच्या सुमारास करावी. याहून अधिक औषधपाणी करण्याची मला हौस नाहीं. जो गुलाब इतक्यानें राहत नाहीं तो आमच्या हवेचा नव्हे असें समजून मी त्याचा नाद सोडतों.

येथें एक आशेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. बंगालकडील नदीकांठच्या सखल भागांत पांढऱ्या, एकेरी पाकळ्यांचा एक रानगुलाब वाढतो. शास्त्रज्ञ त्याला रोझा क्लिनोफिला म्हणतात. गुलाब असून त्याला ओल आणि उष्मा दोन्ही सोसतात. कोडाइकनालचे एम्. एस्. वीरराघवन् या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांनीं आणि त्यांच्या पत्नी गिरिजा यांनीं या जातीशीं बागेंतील गुलाबांचा संकर करून उष्ण प्रदेशासाठीं नवे गुलाब काढण्याचें काम दीर्घकाळ केलें. असे गुलाब आमच्या बाजारांत सर्रास येईपर्यंत, ज्याची काडी लावून स्वतःच्या मुळांवर वाढतां येतें असा साधा सुवासिक देशी गुलाब हाच मला कोंकणच्या अंगणासाठीं बरा वाटतो. फूल लहान, दोन दिवसांत पाकळ्या गळतात; पण वास घरभर, आणि सांध्याखालून दगा देणारा कोणी नाहीं.

आतां पांढऱ्या फुलांकडे वळूं. गुलाबापेक्षां अधिक गोंधळ येथें होतो. जाई कोणती आणि जुई कोणती, यावर दोन जावांत वाद झालेला मीं पाहिला आहे, आणि दोघींच्याही हातांत होतें तें कुंदाचें फूल. जाईचें पान गुलाबासारखेंच अनेक लहान पानांचें, साधारण पांच ते नऊ. कळीच्या बाहेरून जांभळट-गुलाबी छटा. जुईचें पान लहान, आणि त्याच्या देठाशीं दोन इवलीं पानें कानांसारखीं चिकटलेलीं. शास्त्रज्ञांनीं तिच्या लॅटिन नांवांत कान हाच शब्द घातला आहे. मोगऱ्याचें पान एकच, रुंद, गुळगुळीत, समोरासमोर. कुंदाचेंही एकच, पण त्यावर बारीक लव असते, आणि तो फुलतो थंडींत, जेव्हां मोगरा निजलेला असतो. डोंगराकडे गेल्यास उन्हाळ्याच्या सुरुवातीस कुंपणावर पांढऱ्या चांदण्या दिसतात ती कुसर. मोगऱ्याचीच रानांतली बहीण. पुष्कळ ठिकाणीं हजारी मोगरा म्हणून जें रोप देतात त्याचा मात्र मोगऱ्याशीं कांहींएक संबंध नाहीं. त्याचें पान तळहाताएवढें, लवदार, आणि चुरगळल्यास उग्र वासाचें; शिवाय मुळांतून फुटून तें वर्षभरांत अर्धें परसूं व्यापतें. फुलांचा गेंद सुंदर आहे. कुंडींत लावावें, जमिनींत नको.

दुहेरी तगर आणि अनंत यांचीही अशीच अदलाबदल होते. दोन्ही पांढरीं, दोन्हींचीं पानें गडद, चकाकणारीं. एक पान तोडावें: तगरीला दुधासारखा चीक येतो, अनंताला येत नाहीं. अनंताचें फूल पहिल्या दिवशीं शुभ्र, पुढें पिवळट होत जातें, आणि वास असा कीं देवघरांत एक ठेवलें तर दुसऱ्याची गरज नाहीं. एकेरी तगरीचें फूल भिंगरीसारखें वळलेलें असतें. दिवसां त्याला वास नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं तें एकदां रात्रीं हुंगून पाहावें. पारिजातक तर डोळे मिटूनही ओळखतां येतो: पान खरकागदासारखें खरखरीत, कोंवळी फांदी चौकोनी. वृद्ध माणसांना, ज्यांची दृष्टि अधू झाली आहे त्यांना, ही स्पर्शाची ओळख फार आनंद देते.

चीक म्हटल्यावर कण्हेरीकडे आलेंच पाहिजे, आणि येथें मी गंभीरपणें लिहीत आहें. देवपूजेचें फूल म्हणून कण्हेर घरोघर असते. तांबड्या-पांढऱ्या कण्हेरीचीं लांबट पानें एका पेऱ्यावर तीन-तीन अशीं येतात. ही तिची पक्की खूण. पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतों, ती निराळी. तिचीं पानें अधिक अरुंद, एकेकटीं, फांदीभोंवतीं फिरत गेलेलीं, आणि तोडतांच पांढरा चीक. दोन्ही झाडें मुळापासून फुलापर्यंत विषारी आहेत. त्यांतील द्रव्य थेट हृदयावर परिणाम करतें. बिट्टीच्या फळांतील कठीण, कोनदार बिट्ट्यांनीं आपण सर्व लहानपणीं खेळलों असूं, आणि म्हणूनच त्यांचें भय वाटत नाहीं. परंतु त्या बीच्या आंतला गर हा झाडाचा सर्वांत घातक भाग आहे. मुलें सर्व कांहीं तोंडांत घालण्याच्या वयाचीं असतील त्या घरीं बिट्टी अंगणांत ठेवूंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे. कुंपणाबाहेर असेल तर पडलेलीं फळें रोज वेंचावीं. कण्हेरीच्या काड्या चुलींत घालूं नयेत, तिची काडी दांत कोरण्यास किंवा पदार्थ ढवळण्यास घेऊं नये, फुलें तोडल्यावर हात धुवावे. मुलानें चावल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपायांत वेळ न दवडतां, पान किंवा फळ बरोबर घेऊन, इस्पितळ गांठावें. त्या वेळीं डॉक्टरांना 'कण्हेर' एवढें नांव सांगतां येणें ही लहान गोष्ट नव्हे.

एवढें कठोर सांगितल्यावर थोडी गंमत. बोगनवेलीचें फूल कोणतें, असें घरांतल्या मुलांना विचारावें. रंगीत दिसतात त्या पाकळ्या नव्हेत. तीं रंगलेलीं पानें आहेत, तीन-तीनांच्या जुडग्यांत, आणि त्यांच्या मध्यें पांढऱ्या बारीक नळीसारखें असतें तें खरें फूल. ही वेल ब्राझीलमधील रिओ येथें फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सन याला १७६७ सालीं मिळाली आणि मोहिमेचा सेनापति बूगांव्हील याचें नांव तिला दिलें गेलें. कॉमर्सनचा मदतनीस म्हणून पुरुषवेषांत त्या मोहिमेंत गेलेली झान बारे ही पृथ्वीप्रदक्षिणा करणारी ज्ञात अशी पहिली स्त्री. तिच्या नांवाची वेल मात्र आमच्या कुंपणावर नाहीं.

याच युक्तीचें एक झाड आपल्या घरचें आहे. पावसाळ्यांत घाटाच्या पायथ्याशीं झुडुपांत केशरी, चांदणीसारखीं लहान फुलें आणि त्यांच्या शेजारीं एकच पांढरें पान लटकलेलें दिसतें, ती सरवड. कोणी शेरवड म्हणतात, कोणी भूतकेस. गणपतीच्या माटवीला जीं रानचीं फुलेंफळें बांधतात त्यांत हिला मान आहे. तें पांढरें पान म्हणजे फुलाच्या खालच्या हिरव्या दलांपैकीं एक, वाढून पांढरें झालेलें. रोपवाटिकांत गुलाबी किंवा पांढऱ्या झुबक्यांचें मुसेंडा नांवाचें महागडें झुडूप मिळतें, तें याच कुळांतील; त्यांत एकाऐवजीं सगळींच दलें वाढलेलीं असतात. त्याच्या प्रसिद्ध जाती फिलिपाईन्समधील, आणि त्यांना तेथील राष्ट्राध्यक्षांच्या पत्नींचीं नांवें आहेत: डोना ऑरोरा, डोना लुझ. डोना ऑरोरा हौसेनें विकत आणावी, माझी ना नाहीं. पण चतुर्थीला वैभववाडी रोड स्थानकावर मुंबईहून कुंडी छातीशीं धरून उतरणाऱ्या चाकरमान्यानें घरीं पोंचल्यावर एकदां मान वर करून माटवीकडे पाहावें.

पिटकुळीचेंही असेंच. जांभ्याच्या सड्यावर आपोआप वाढणारें, तांबड्या फुलांच्या झुबक्यांचें हें झुडूप मुलांनाच काय तें ठाऊक, कारण फुलाची नळी ओढून त्यांतला मध तीं चोखतात. शहरांत तिलाच इक्झोरा म्हणून विकतात. इक्झोरा हा शब्द ऐकायला परका. पण तो आला आहे 'ईश्वर' या शब्दावरून. मलबारांत हें फूल देवाला वाहतात असें कळल्यावर पोर्तुगीजांच्या तोंडीं झालेलें ईश्वराचें रूप लिनियसनें या झाडाला दिलें. तत्पूर्वींच मल्याळी 'चेत्ती' या नांवानें तें 'होर्तुस मलाबारिकुस' या ग्रंथांत आलेलें आहे. कोचीनचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानें करविलेला हा बारा खंडांचा ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथें १६७८ ते १६९३ या काळांत छापला गेला. त्यासाठीं इट्टी अच्युतन् या वैद्यानें आपल्या घराण्याचें वनस्पतिज्ञान दिलें, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मणांनींही मदत केली. तिघांनीं देवनागरी अक्षरांत कोंकणींतून दिलेला, १६७५ सालचा साक्षीलेख त्या ग्रंथांत छापलेला आहे. आपल्या पूर्वजांना परसांतील झाडांचीं नांवें आणि गुण पोथीइतकेच नेमके ठाऊक असत, याचा तो पुरावा मला कोणत्याही स्तुतीपेक्षां मोठा वाटतो. पिटकुळी ओळखावी ती अशी: पानें समोरासमोर, जवळजवळ बिनदेठाचीं, फुलाला पाकळ्या चार, चीक नाहीं. आमच्या आम्ल मातींत तिला खत नको, लाड नकोत.

शेवटीं अबोली, कारण तिच्यावांचून मालवणी अंगण पुरें होत नाहीं. वास नाहीं, तरी वळेसर तिचाच, कारण तोडलेलें फूलही दीर्घकाळ कोमेजत नाहीं. हल्लीं बाजारांत दिल्ली अबोली म्हणून मिळते तिचा रंग अधिक गडद आणि फुलें अधिक भरगच्च. पण तिला बीं धरत नाहीं, ती काडीनेंच लावावी लागते. जुनी, फिकट केशरी अबोली बियांवर येते. ज्यांच्या घरीं ती असेल त्यांनीं या महिन्यांत कणसाखालचीं वाळलेलीं, तपकिरी बोंडें जपून काढून ताटांत पसरावीं, वर पातळ फडकें घालावें आणि पाण्याचे चार थेंब शिंपडावे. थोड्याच वेळांत बोंडें तडतड फुटून बीं उडूं लागतें. पावसाची वाट पाहून ओल लागतांच फुटण्याची तिची ही रीत आहे. मुलांना तें अवश्य दाखवावें, मात्र तोंड ताटावर ओणवें करून नको. बीं त्याच दिवशीं वाफ्यांत टाकावें, वर बोटाच्या पेराहून कमी माती घालावी, आणि वाफ्यावर झाडाचें नांव लिहून ठेवावें.